बहुराष्ट्रीय युद्धात जहाजांचे नेतृत्व: कोल्हापूरच्या वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यात लष्कराची ओळख घराघरांत आहे. सैनिक गिरगावसारख्या गावात, किंवा गडहिंग्लज आणि कागलकडच्या अनेक वाड्यांत, सुभेदार आणि हवालदार या शब्दांचा अर्थ लहान मुलालाही सांगावा लागत नाही. नौदलाबद्दल मात्र तेवढी माहिती पोहोचलेली नाही. नौदलाच्या इतिहासावर इथे व्याख्याने देताना, आणि त्यानंतर येणाऱ्या पत्रांतून, काही प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यांतले बहुतेक प्रश्न अनेक देशांची जहाजे एकत्र लढतात तेव्हा त्यांचा कमांडर नेमके काय करतो, याभोवती फिरतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बहुराष्ट्रीय नौदल युद्ध म्हणजे नेमके काय? त्यासाठी कोणते युद्ध अभ्यासावे?

अनेक स्वतंत्र देशांनी आपापली जहाजे एका समान उद्दिष्टासाठी एकाच समुद्रात आणणे, पण प्रत्येकाने आपल्या जहाजावरचा अंतिम अधिकार आपल्याच सरकारकडे ठेवणे, असे त्याचे साधे वर्णन करता येईल. अभ्यासासाठी १९९०-९१ चे आखाती युद्ध सर्वांत उपयुक्त आहे, कारण त्यात नाकेबंदी, रसद, पाणसुरुंग, क्षेपणास्त्रे आणि राजकारण हे सारे काही महिन्यांच्या अवधीत एकत्र आले.

इराकने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेत ताब्यात घेतले. ६ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ६६१ द्वारे व्यापारी निर्बंध घातले आणि २५ ऑगस्टच्या ठराव ६६५ ने ते निर्बंध समुद्रावर अमलात आणण्यासाठी जहाजे थांबवून तपासण्याची मुभा दिली. २९ नोव्हेंबरच्या ठराव ६७८ ने इराकला १५ जानेवारी १९९१ पर्यंतची मुदत दिली. इराकने ती पाळली नाही, म्हणून अमेरिकेच्या नेतृत्वाखालील अनेक देशांच्या आघाडीने १७ जानेवारीला हवाई हल्ले सुरू केले, २४ फेब्रुवारीला जमिनीवरची चढाई झाली आणि २८ फेब्रुवारीला लढाई थांबली. समुद्रावरचे काम त्याआधीच ऑगस्टमध्ये सुरू झाले होते आणि ते लढाईनंतरही चालू राहिले (प्रश्न १२ पाहा).

२. नौदलातला कॅप्टन म्हणजे लष्करातला कॅप्टनच ना?

नाही. नौदलातला कॅप्टन हा लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो आणि लष्करातला कॅप्टन हा नौदलातल्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा. नौदलातला कमोडोर म्हणजे ब्रिगेडियर. शिवाय जहाजाचा प्रमुख, त्याचा हुद्दा कमांडरचा असो वा लेफ्टनंट कमांडरचा, जहाजावर ‘कॅप्टन’ म्हणूनच ओळखला जातो. म्हणून खाली ‘कॅप्टन मिलर’ असे नाव येईल, तेव्हा तो तरुण अधिकारी नसून अनेक जहाजांच्या गटाचा प्रमुख आहे, हे ध्यानात ठेवावे.

३. सगळ्या देशांची जहाजे एकाच सेनापतीच्या हुकमात असतात का?

बहुतेक पत्रे हाच प्रश्न विचारतात, आणि पलटणीची शिस्त जवळून पाहिलेल्या माणसाला त्याचे उत्तर पटायला वेळ लागतो. आखातातील अमेरिकी नौदलाचे प्रमुख डिसेंबर १९९० पासून व्हाइस ॲडमिरल स्टॅन्ली आर्थर होते आणि त्यांचे निशाण ‘ब्लू रिज’ या जहाजावर होते, म्हणजे ते त्या जहाजावरून ताफ्याचे नेतृत्व करत. सर्वांत मोठे आरमार त्यांचेच होते; सहा विमानवाहू जहाजे अमेरिकेने या युद्धासाठी आणली होती. तरीही ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन, डच किंवा इटालियन जहाजाला ते आपल्या जहाजाप्रमाणे हुकूम देऊ शकत नव्हते.

नियंत्रणाचे थर असतात. जहाज कुठल्या समुद्रात जाईल, किती दिवस राहील, कोणत्या प्रकारचे काम करील आणि कोणत्या परिस्थितीत गोळी झाडील, हे त्याचे सरकार ठरवते. त्या चौकटीच्या आत, एका ठरावीक कामापुरते आणि ठरावीक काळापुरते, जहाजाची जागा आणि हालचाल ठरवण्याचा अधिकार ते सरकार दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याला देऊ शकते, आणि दिलेला अधिकार परतही घेऊ शकते. काही देश एवढाही अधिकार देत नाहीत. फ्रान्सने आपली जहाजे राष्ट्रीय नियंत्रणाखालीच ठेवली, आणि पश्चिम युरोपातील देशांनी आपापसांत वेगळा समन्वय साधला.

या व्यवस्थेत कमांडरच्या हातात हुकमापेक्षा विनंती जास्त असते. कोणत्या जहाजाला त्याच्या सरकारची कशाला परवानगी आहे हे पक्के माहीत असणे आणि त्या परवानगीत बसेल असेच काम त्याच्यापुढे ठेवणे, हे बहुराष्ट्रीय नेतृत्वाचे सर्वांत अवघड अंग आहे, असे माझे ठाम मत आहे. तोफा आणि क्षेपणास्त्रे यांचा क्रमांक त्यानंतर लागतो.

४. मग दुसऱ्या देशाच्या जहाजाला काम सांगायचे कसे? एखादे प्रत्यक्ष उदाहरण द्या.

कॅनडाच्या कॅप्टन डंकन मिलर यांचे उदाहरण यासाठी उत्तम आहे. कॅनडाने ‘अथाबास्कन’, ‘टेरा नोव्हा’ आणि ‘प्रोटेक्टर’ अशी तीन जहाजे पाठवली. पहिली दोन विनाशिका (डिस्ट्रॉयर, म्हणजे वेगवान लढाऊ जहाजे) होत्या, तिसरे रसदवाहू जहाज. त्यांतली जहाजे तशी जुनी होती. नव्या फ्रिगेट जातीच्या लढाऊ जहाजांसाठी आणून ठेवलेली शस्त्रसामग्री घाईघाईने त्यांच्यावर बसवून २४ ऑगस्ट १९९० रोजी ती हॅलिफॅक्सहून निघाली. गटाचे पहिले प्रमुख केन समर्स हे पुढे बहरीनमधल्या मुख्यालयात गेल्यावर समुद्रावरची जबाबदारी मिलर यांच्याकडे आली.

युद्ध जवळ आले तेव्हा आखाताच्या उत्तरेकडे लढणाऱ्या ताफ्यांना इंधन, दारूगोळा आणि अन्न पुरवणाऱ्या जहाजांचे रक्षण आणि समन्वय करण्यासाठी एक प्रमुख हवा होता. हे काम मिलर यांच्याकडे देण्यात आले. अमेरिकी नौदलाच्या त्या रचनेत अशी जबाबदारी मिळालेले ते एकमेव बिगर-अमेरिकी अधिकारी होते. ही निवड केवळ सौजन्य म्हणून झाली नव्हती. कॅनेडियन जहाजांवर अमेरिकी संदेशयंत्रणेशी जुळणारी साधने होती, आणि त्याच वेळी युरोपातल्या लहान नौदलांना कॅनडा आपल्यासारखाच वाटत होता.

यात राजकीय जाण मोठी होती. इराकी किनाऱ्यावर हल्ला करण्याची परवानगी अनेक सरकारे आपल्या जहाजांना देत नव्हती, पण रसदवाहू जहाजाचे रक्षण करायला त्यांची हरकत नव्हती, कारण ते काम बचावाचे होते. म्हणजे जो देश आघाडीवर येणार नाही, तोही इथे मनापासून उपयोगी पडू शकत होता, आणि प्रत्येक देशाला जमेल ते काम मिळाल्यामुळे कोणालाही उघड नकार द्यावा लागला नाही.

समुद्रावर इंधन भरताना दोन जहाजे जेमतेम पन्नासेक मीटरच्या अंतरावर, एकाच वेगाने, समांतर धावतात आणि मधून दोर व नळ्या जातात. त्या वेळात दोघांनाही झटकन वळता येत नाही, म्हणून भोवती पहारा लागतो. कोणाला कधी आणि किती इंधन मिळेल, याची यादी हे रोजच्या भांडणाचे मूळ होऊ शकते. आपल्याकडे उसाला पाणी सोडण्याची पाळी ठरवणाऱ्याला किती जणांची मने सांभाळावी लागतात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कामाचा ताण वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

५. अमेरिकेचे एवढे मोठे आरमार असताना लहान देशांच्या दोन-तीन जहाजांचा खरा उपयोग काय? ती केवळ ध्वज दाखवायला होती का?

काही कामांत त्यांच्यावाचून अडले असते. पाणसुरुंग शोधण्याच्या जहाजांत अमेरिकी नौदल त्या वेळी दुबळे होते. ब्रिटनच्या ‘हंट’ वर्गातल्या पाच जहाजांनी त्या कामाचा मोठा भार उचलला. दुसरे उदाहरण हेलिकॉप्टरांचे आहे. अमेरिकी ‘सीहॉक’ हेलिकॉप्टरांची शोधसाधने उत्तम होती, पण लहान वेगवान बोटी बुडवण्याजोगे ‘सी स्कुआ’ क्षेपणास्त्र ब्रिटिश ‘लिंक्स’ हेलिकॉप्टरांवर होते. जानेवारीच्या अखेरीस कुवेतच्या बुबियान बेटाजवळ इराकी बोटी निसटू पाहत होत्या, तेव्हा एकाने शोधावे आणि दुसऱ्याने मारावे, अशी जोडी जमली. एका देशाकडचे डोळे आणि दुसऱ्याकडचे शस्त्र यांची सांगड घालणे हेच तेव्हा कमांडरचे काम होते.

६. वेगवेगळ्या भाषा, वेगवेगळे संकेत. ऐन लढाईत एकमेकांचे समजले नाही तर?

तर काय होते, हे दुसऱ्या महायुद्धात जपानी आरमाराविरुद्ध झालेल्या जावा समुद्राच्या लढाईने २७ फेब्रुवारी १९४२ रोजी दाखवले. डच रिअर ॲडमिरल कारेल डोरमन यांच्याकडे पाच क्रूझर (विनाशिकेहून मोठी लढाऊ जहाजे) आणि नऊ विनाशिका होत्या. ‘डी रॉयटर’ आणि ‘जावा’ ही डच, ‘एक्झेटर’ ब्रिटिश, ‘पर्थ’ ऑस्ट्रेलियन आणि ‘ह्यूस्टन’ अमेरिकी क्रूझर. ही जहाजे एक ताफा म्हणून कधी सराव करू शकली नव्हती, त्यांच्याकडे समान संकेतपुस्तक नव्हते, आणि डोरमन यांचा हुकूम इतरांपर्यंत जायचा तो भाषांतर होऊन, संपर्क अधिकाऱ्यांमार्फत.

दुपारच्या चकमकीत ‘एक्झेटर’च्या बॉयलरखोलीत गोळा लागला, तिचा वेग पडला आणि ती रांगेतून बाहेर वळली. मागच्या जहाजांना वाटले की वळण्याचा हुकूम सुटला असून तो आपल्याला मिळालेला नाही, म्हणून तीही वळली. पुढे चाललेल्या डोरमन यांच्या मागची रांग अशी मोडली. त्याच सुमारास ‘कोर्तेनार’ ही डच विनाशिका पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडाली. डोरमन यांनी ताफा पुन्हा गोळा केला आणि रात्री पुन्हा शत्रूचा शोध घेतला. त्या रात्री ‘डी रॉयटर’ आणि ‘जावा’ दोन्ही जपानी पाणतीरांनी बुडवल्या आणि डोरमन त्यात मारले गेले. ‘पर्थ’ आणि ‘ह्यूस्टन’ही लवकरच सुंदा सामुद्रधुनीत गेल्या. जपानी पाणतीर श्रेष्ठ होते आणि विमानांची साथ डोरमन यांना नव्हती, हे खरे आहे. पण एकमेकांचे न समजणे हा पराभवाचा मोठा भाग होता. डोरमन यांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे आणि त्यांच्यावर अपयशाचा शिक्का मारणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण त्यांना ताफा घडवायला वेळच मिळाला नव्हता.

१९९१ मध्ये बहुतेक नौदलांकडे नाटोची किंवा तिच्याशी जुळणारी समान संकेतपुस्तके होती आणि त्यांनी कित्येक वर्षे एकत्र सराव केले होते. ज्यांच्याकडे समान गुप्त संदेशयंत्रणा नव्हती, त्यांच्यासाठी संपर्क अधिकारी हाच खात्रीचा दुवा होता.

७. समोरून येणारे शत्रूचे आहे की आपले, हे काही सेकंदांत कसे ठरवतात?

२५ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे अमेरिकेची ‘मिझुरी’ ही युद्धनौका कुवेतच्या किनाऱ्यावर तोफा डागत होती आणि ‘ग्लॉस्टर’ ही ब्रिटिश विनाशिका तिच्या रक्षणाला होती. किनाऱ्यावरून ‘सिल्कवर्म’ जातीचे क्षेपणास्त्र सुटले. रडारवरचा त्याचा ठिपका त्याच वाटेने परतणाऱ्या अमेरिकी विमानांसारखाच दिसत होता. ‘ग्लॉस्टर’वरच्या अधिकाऱ्यांनी तो शत्रूचा आहे असे ठरवून ‘सी डार्ट’ क्षेपणास्त्रे सोडली आणि ते पाडले. हे सारे सुमारे दीड मिनिटात घडले. समुद्रावरच्या प्रत्यक्ष लढाईत क्षेपणास्त्राने क्षेपणास्त्र पाडल्याची ही पहिली घटना मानली जाते.

याच प्रसंगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘मिझुरी’ने फसवणुकीसाठी हवेत सोडलेल्या धातूच्या पट्ट्यांवर ‘जॅरेट’ या अमेरिकी जहाजाच्या स्वयंचलित तोफेने मारा केला आणि काही गोळ्या ‘मिझुरी’वरच आदळल्या. त्याआधी ३ जुलै १९८८ रोजी याच आखातात ‘विन्सेन्स’ या अमेरिकी क्रूझरने इराणचे प्रवासी विमान लढाऊ विमान समजून पाडले होते आणि त्यात २९० माणसे मेली होती. १९९१ मधल्या प्रत्येक कमांडरला ही घटना ठाऊक होती. थांबले तर आपले जहाज जाईल आणि घाई केली तर निरपराध माणसे मरतील, या कैचीतून सुटण्याची तयारी आधीच करावी लागते: विमानांच्या वाटा आणि उंची ठरवून घेणे, आणि त्या सर्व देशांच्या जहाजांना वेळेवर कळवणे.

८. पाणसुरुंगांच्या पट्ट्यात दुसऱ्या देशाचे जहाज पाठवण्याचा धोका कोण पत्करतो?

१८ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे ‘ट्रिपोली’ हे अमेरिकी जहाज स्पर्शाने फुटणाऱ्या सुरुंगावर आदळले. सुरुंग साफ करण्याच्या मोहिमेचे निशाण त्याच जहाजावर होते. काही तासांतच ‘प्रिन्स्टन’ या क्रूझरखाली समुद्रतळावरचे सुरुंग फुटले. सुदैवाने दोन्ही जहाजांवर कोणी दगावले नाही, पण ‘प्रिन्स्टन’ जागची हलण्याच्या स्थितीत नव्हती. तिच्या मदतीला ‘अथाबास्कन’ ही कॅनेडियन विनाशिका उत्तरेकडे गेली. तिच्यावरची ‘सी किंग’ हेलिकॉप्टरे पुढच्या पाण्यात सुरुंग दिसतात का, हे पाहू शकत होती.

अशा वेळी विनंती एकाची असते आणि संमती दुसऱ्याची. मदत मागणारा अमेरिकी होता. जायचे की नाही, हे कॅनेडियन अधिकाऱ्यांनी आपल्या अधिकारात ठरवले. प्रश्न ३ मधल्या चौकटीचा अर्थ इथे पूर्ण लक्षात येतो: नकार देण्याचा हक्क असतानाही दिलेल्या होकाराचे मोल वेगळे असते.

९. ज्यांच्याशी काही वर्षांपूर्वी युद्ध केले, त्यांच्याच बरोबर काम करायची वेळ आली तर?

तशी वेळ १९९० मध्ये आली. अर्जेंटिनाने ‘अल्मिरांते ब्राउन’ आणि ‘स्पिरो’ ही जहाजे आखातात पाठवली. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिना आणि ब्रिटन यांच्यात रक्तरंजित युद्ध झाले होते आणि त्यांचे राजनैतिक संबंध फेब्रुवारी १९९० मध्ये कुठे पूर्ववत झाले होते. आखातातील ब्रिटिश नौदलाचे प्रमुख कमोडोर ख्रिस्तोफर क्रेग हे तर स्वतः १९८२ मध्ये ‘अलॅक्रिटी’ या फ्रिगेटचे प्रमुख म्हणून फॉकलंडला लढले होते. अशा दोन नौदलांमध्ये कॅनडासारखा तिसरा देश उभा असणे किती मोलाचे होते, हे प्रश्न ४ मधील निवडीवरून समजेल.

१०. एखाद्या मित्राने मध्येच वेगळा तह केला किंवा परस्पर लाभ उचलला तर?

याची उदाहरणे आपल्या किनाऱ्यावरच आहेत, आणि ती आपण शत्रूच्या बाजूने पाहिली पाहिजेत. डिसेंबर १७२१ मध्ये कमोडोर थॉमस मॅथ्यूज यांच्या नेतृत्वाखालील इंग्रज आरमार आणि गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचे सैन्य यांनी मिळून कान्होजी आंग्रे यांच्या अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली. हल्ला फसला, बाजीराव पेशवे फौजेसह मदतीला आले, आणि पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये मराठ्यांशी स्वतंत्र तह केला. इंग्रजांना हात हलवत परतावे लागले. दोघांना मिळून एक हुकूम नव्हता आणि एक हेतूही नव्हता. मराठ्यांनी तीच फट नेमकी हेरली.

१७५६ मध्ये आपण दुसऱ्या बाजूला होतो. तुळाजी आंग्रे यांच्या विरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. ॲडमिरल वॉटसन यांच्या ताफ्याने फेब्रुवारीत विजयदुर्ग घेतला, पण लूट कशी वाटायची, हे इंग्रज अधिकाऱ्यांनी आपसांत आधीच ठरवले होते आणि त्यात मराठ्यांचा वाटा नव्हता. मराठी आरमाराची एक मोठी शाखा परक्याच्या तोफांनी जाळून घेण्याचा तो निर्णय मला आजही अत्यंत क्लेशकारक वाटतो. बहुराष्ट्रीय मोहिमेत उतरण्यापूर्वी शेवट कसा होणार, हे लेखी ठरले नसेल, तर बलवान मित्र तो आपल्या सोयीने ठरवतो.

११. कोल्हापूरला समुद्र नाही. मग इथल्या माणसाने याचा विचार का करावा?

कोल्हापूरच्या छत्रपतींकडे समुद्र होता. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये पाया घातलेला सिंधुदुर्ग आणि मालवणचे आरमार पुढे करवीर राज्याकडे होते. महाराणी जिजाबाई यांच्या कारभाराच्या काळात, १७६५ मध्ये, इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. तो नंतर परत मिळाला, पण १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. किनारा गेला आणि त्याबरोबर करवीरची समुद्राची सवयही गेली.

१२. काही अवघड अपवाद: नाकेबंदीत अन्नाचे जहाजही अडवतात का? आणि लढाई थांबली की कमांडर मोकळा होतो का?

अन्नाला मुभा होती, पण ती संयुक्त राष्ट्रांच्या परवानगीने. १३ सप्टेंबर १९९० च्या ठराव ६६६ ने माणुसकीच्या कारणासाठी अन्न पाठवण्याची रीत ठरवली, आणि कुवेतमध्ये अडकलेल्या आपल्या नागरिकांसाठी भारताने पाठवलेल्या धान्याच्या जहाजाला त्यानुसार मान्यता मिळाली. याउलट, डिसेंबरच्या अखेरीस ‘इब्न खाल्दून’ हे शांतता कार्यकर्त्यांना घेऊन इराककडे निघालेले जहाज अनेक देशांच्या पथकांनी थांबवून तपासले. निःशस्त्र माणसांनी भरलेले जहाज अडवणे हे कमांडरसाठी शत्रूच्या बोटीवर मारा करण्यापेक्षा अवघड असते, कारण तिथे एक धक्काबुक्कीसुद्धा त्याच्या सरकारला जगापुढे उत्तर द्यायला लावते.

लढाईनंतरही सुरुंग पाण्यातच राहतात. युद्धात भाग न घेतलेल्या जर्मनी आणि जपान या देशांनीही नंतर सुरुंग साफ करणारी जहाजे पाठवली. जपानची जहाजे एप्रिल १९९१ मध्ये निघाली आणि त्यांनी ३४ सुरुंग नष्ट केले. लढाईसाठी नकार देणारा देश शांततेच्या कामासाठी येतो, आणि कमांडरला पुन्हा नव्या परवानग्यांची यादी हाती घ्यावी लागते.

१३. भारत या युद्धात होता का? आपल्या मुलांना असा अनुभव नौदलात कुठे मिळतो?

भारत इराकविरुद्धच्या आघाडीत नव्हता. कुवेत आणि इराकमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना मायदेशी आणणे ही तेव्हाची मोठी जबाबदारी होती. त्यांतले बहुतेक जण जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानाने परतले. अमेरिकी लष्करी विमानांना भारतात इंधन भरू देण्यावरून देशात वाद झाला आणि ती सवलत थांबवण्यात आली.

भारतीय नौदलाचा अनुभव वेगळ्या वाटेचा आहे. १९९४ च्या अखेरीस सोमालियातून भारतीय शांतिसैनिकांना परत आणताना ‘गंगा’, ‘गोदावरी’ आणि ‘शार्दूल’ ही जहाजे होती. ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात चाचेगिरीविरुद्ध भारतीय युद्धनौका राष्ट्रीय नियंत्रणाखाली गस्त घालत आल्या आहेत. तिथेच २०१२ पासून भारत, चीन आणि जपान यांनी व्यापारी जहाजांना सोबत करण्याची आपापली वेळापत्रके एकमेकांशी जुळवून घेतली. तिघांचा सामाईक सेनापती नाही, एकमेकांवर पूर्ण विश्वासही नाही, तरी वेळापत्रक पाळले गेले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत किंवा केरळमधल्या एळिमला इथल्या नौदल अकादमीत जाण्याची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी तोफांच्या पल्ल्याबरोबर या वेळापत्रकाचाही अभ्यास करावा, असा माझा आग्रह असतो.